हुम्याचा दगड

कोंढरानला बैलगाडीचीही वाट नव्हती, त्या काळची ही गोष्ट. डोंगरात तेव्हा हुमे फार. हुमा म्हणजे रानातलं मोठं घुबड. ते तिन्हीसांजेला घुमायला लागलं की माणसं दारं लावून घेत. हुमा ज्या घरामागे घुमतो तिथलं एक माणूस जातं, असं म्हणतात. त्याला कोणी दगड मारला तर तो दगड उचलून ओढ्यात टाकतो, आणि पाण्यात दगड झिजेल तसा मारणारा झिजतो, असंही म्हणतात.

पाटलांची सून सुंद्रा सात महिन्यांची गरोदर होती. तीन दिवस हुमा गोठ्यामागच्या हिरड्यावर घुमला. चौथ्या दिवशी पोटातल्या जिवाच्या धास्तीनं तिनं दगड भिरकावला. सकाळी तो दगड कुठंच सापडला नाही.

गावातली जाणती माणसं जमली. त्यांनी ठरवलं, हिनं खाल्लेलं आता हुम्याच्या अंगी लागणार, आणि माजलेला हुमा गावावर उलटणार. सुंद्राचं ताट बंद झालं. दिवसाला कोरभर भाकरी आणि पाणी. ती वाळू लागली तशी माणसं म्हणाली, बघा, दगड झिजतोय. ताट बंद म्हणून ती वाळत होती, आणि ती वाळते म्हणून ताट बंद होतं. एवढं साधं त्या शहाण्यांपैकी एकालाही दिसलं नाही.

ठकू सुईण पोट बघायला आली. तिनं हात ठेवला, पुन्हा ठेवला. सुंद्रा पुटपुटली, "ठकूमाय, कालपासून हललं नाही गं."

ठकू ओसरीवर आली. "पाटलीणबाई, हिला आत्ता पेज पाजा."

"आणि तो हुमा पोसू? गाव काय म्हणेल, ठके?"

"घुबडाला भिता तेवढं देवाला भ्याला असता तर! बरं, दगडच आणते."

अंधार पडल्यावर त्या रानात कोणी जात नसे. ठकू एकटी गेली. गावानं रात्रभर डोळ्याला डोळा लावला नाही. पहाटे ती परतली, मुठीत सुपारीएवढा दगड. "एवढाच उरलाय. याला पेजेनं न्हाऊ घाला, उरलेली हिला पाजा. हा वाढला तर ही वाढेल."

रोज अंधार पडला की ती दगड घेऊन रानात जाई आणि पहाटे परत येई. सुपारीचा लिंबाएवढा झाला, लिंबाचा नारळाएवढा. सुंद्राच्या गालांवर रंग आला. एका सकाळी पोर हललं.

पाटील हसले. "ठके, दगड कुठं वाढतो का?"

"तुमच्या घरात झिजत होता की, मालक. झिजतो तो वाढेलही."



दिवस भरले. त्या रात्री सुंद्राला कळा सुरू झाल्या, आणि ठकू रानात होती. बायका दाराशी कान लावून उभ्या. हुमा जवळ जवळ येत घुमत होता. मग अंगणात ठकू दिसली. डोक्यावर बैलाएवढा दगड, आणि वर अंगणभर पंख पसरून हुम्यानं तो पंजांत धरलेला, असं म्हणतात. तिनं दगड टेकवला, आत गेली आणि मुलगी सुखरूप सोडवली. मग हात धुऊन दगडाला टेकून बसली, ती उठलीच नाही.

तिला उचलताना पाटलीणबाईंच्या लक्षात आलं की अंगात काही वजनच नाही. ती रात्रभर रानात आणि दिवसभर सुंद्रापाशी असायची. तिच्यापुढे ताट कोणी ठेवलं होतं? 

तो दगड आजही कोंढरानात आहे. वीस गड्यांना हलत नाही, असं म्हणतात. हुमा घुमला की तिथं कोणी दार लावत नाही. घरातली थोरली बाई उंबऱ्यावर येते आणि रानाकडे तोंड करून विचारते, "ठकूमाय, जेवलीस का गं?" मग पहिलं ताट सुनेचं वाढलं जातं, आणि तिचा पहिला घास होईपर्यंत घरातला कर्ता पुरुषही पाटावर बसत नाही.