अंबाडीचं पाणी

"आत्या, तुमच्या पेंढ्यांखालचं पाणी मी चोरलं... बाटलीभर. इतकी मी मूर्ख."

चांगुणाआत्या ओढ्याकाठी बसून दोर वळत होत्या. हात थांबले नाहीत.

"काय केलंस त्याचं?"

"तालुक्याला नेऊन तपासून घेतलं. प्रयोगशाळेत."

"मग? काय निघालं?"

"पाणी."

"बरं झालं," आत्या म्हणाल्या. "मलाही तसंच वाटत होतं."

विदुला त्यांच्या शेजारी टेकली. वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई ती! हातानं कागद करायचं खूळ डोक्यात शिरलं आणि बिनपगारी रजा टाकून इथं आली. कागदाला अंबाडीचा वाख, म्हणजे सालीतला धागा हवा, आणि आत्यांसारखा वाख आसपासच्या दहा गावांत कुणाचा निघत नाही.

अर्ध्या एकरातली अंबाडी तिनं स्वतः कापली. पेंढ्या बांधून ओढ्यात कुजत घातल्या, बुडून राहाव्यात म्हणून वर धोंडे ठेवले. शेजारीच आत्यांच्या पेंढ्या. बी एक, ओढा एक, दिवससुद्धा एकच, पंधरा दिवसांपूर्वीचा.

आज आत्यांनी आपली काडी सोलली, तर पांढरा वाख केसासारखा सुटून आला. विदुलाच्या काडीवरची साल नखालाही दाद देईना.

संक्रांतीला रजा संपणार. तोवर वाख हाती आला नाही, तर पुन्हा सातवी ब आणि पुन्हा तेच आम्ल, तेच लिटमस.

म्हातारी काहीतरी लपवतेय, हे तर तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. पाण्यात सापडलं नाही म्हणजे दुसरीकडे असणार.

"त्या चंचीत काय असतं हो आत्या? रोज सकाळी काठावर येऊन उघडता, ती?"

आत्यांनी कमरेची चंची सोडून तिच्या मांडीवर टाकली.

तंबाखू. अर्धी सुपारी. चुन्याची डबी.

विदुलानं डबी हुंगली. डोळे बारीक केले.

"चुना टाकता होय पाण्यात!"

"तोंडात टाकते."

"मग रोज दिवस उगवताना इथं येऊन उभ्या कशाला राहता? मी बघते ना!"

आत्यांचे हात पहिल्यांदाच थांबले.

त्या उठल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, विदुलाचं मनगट धरलं आणि तिला घेऊन पाण्यात उतरल्या. तिचा तळवा आपल्या धोंड्यावर ठेवला.

मऊ. बुळबुळीत. बोटभर शेवाळ धरलेलं.

मग तोच तळवा विदुलाच्या धोंड्यावर.

खरखरीत... नुकता घासून ठेवावा तसा स्वच्छ.

विदुला धोंड्याकडे बघत राहिली. रोज सकाळी हाच धोंडा तिनं उचलला होता. पेंढी बाहेर काढायची, उन्हात धरायची, नख लावायचं, वास घ्यायचा, वहीत लिहायचं, परत बुडवायची. पंधराच्या पंधरा दिवस. आणि एक डोळा सतत आत्यांच्या चंचीवर.

"तुम्हाला दिसत होतं?"

"दिसायचं की. त्यासाठीच तर येत होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तू वहीत लिहीत होतीस. मधे कसं बोलायचं?"

विदुलाचे कान तापले. तिनं एकेक पेंढी पुन्हा पाण्यात सारखी केली. धोंडा ठेवला. हात मागे घेतला... परत पुढे नेऊन धोंडा जरासा सरळ केला.

आत्या बघत होत्या.

"सुटेल ना हो वाख? संक्रांतीच्या आत?"

"हात लावला नाहीस तर."

"किती दिवस?"

"धोंड्यानं शेवाळ धरेपर्यंत."

"बरं." विदुला काठावर आली, पाय पुसले, वही पिशवीत टाकली. चार पावलं गेली आणि वळली.

"पण आत्या... शेवाळ धरलं का, ते बघायला कधी येऊ?"

आत्यांनी दोर पुन्हा हातात घेतला.

"तू नको येऊस. बाटलीत भरून पाठवते."