गाळाची घट्ट मूठ

खाडीतली तिवरं नुकती गुडघाभर झाली होती, तेव्हाची गोष्ट. भरतीबरोबर एक किरणोत्सारी कण आला. गाळाने त्याला आपल्या पापुद्र्यांत घट्ट धरलं.

पुढे लग्न ठरलेला एक खेकडा तिथेच बीळ खणू लागला.

“खोल नको रे! खाली विषारी पाहुणा आहे,” गाळ म्हणाला. “वर आला तर तुझ्याच पोरांच्या पोटात जाईल.”

“मग ओहोटीबरोबर हाकल की!”

“म्हणजे शेजारच्या खाडीत? माझ्याकडे पडून पडून त्याचा जोर ओसरेल.”

“कधी?”

“पणतवंडांना विचारायला पाठव.”

खेकड्याने बीळ आडवं वळवलं.

नवरी आली. “अहो, घर फारच ठेंगणं! खाली कोण राहतं?”

“एक धरलेला, एक धरून बसलेला.”

नवरीने जमिनीला कान लावला. मग आठही पाय हलकेच टाकत ती आत गेली.