ठमीला हवी जांभळी पत्रिका

एक होती चिचुंद्री. तिचं नाव ठमी. ठमी एवढीशी. नाक मात्र एवढं लांब!

ठमीचं लग्न ठरलं. नवरा कोण? पलीकडच्या बिळातला ठोंब्या.

आता पत्रिका कुठल्या रंगाची करायची?

आत्या म्हणाली, "लाल कर गं. कुंकवासारखी."

मामा म्हणाला, "पिवळी कर गं. हळदीसारखी."

ठमी म्हणाली, "लाल नको, पिवळी नको, मला हवी जांभळी! शालू जांभळा, मांडव जांभळा, पत्रिकासुद्धा जांभळी!"

ठमीने पिंपळाची पानं आणली. जांभळ्या रंगात शेपटी बुडवली. सर सर सर! पत्रिका रंगवल्या. उन्हात वाळत घातल्या.

तेवढ्यात आली बकरी. मॅऽऽऽ! चरचर चरचर... सगळ्या पत्रिका फस्त! रंगाची वाटीसुद्धा चाटूनपुसून साफ. वर एक ढेकर. ढर्रऽऽ! आणि गेली निघून.

ठमीने भोकाड पसरलं. "लग्न उद्यावर आलं! पत्रिका नाही, तर पाहुणे कसे येणार?"

आत्या म्हणाली, "तरी सांगत होते. आता लालच कर."

ठमीने नाक पुसलं. आत्याच्याच पदराला पुसलं.

"लाल नको, पिवळी नको, मला हवी जांभळी!"

आणि निघाली. तुरूतुरू, तुरूतुरू.

वाटेत भेटलं जांभळाचं झाड.

"झाडा, झाडा, जांभळं दे. माझी पत्रिका जांभळी होईना!"

झाड म्हणालं, "कशी देऊ? डोक्यावर माकड बसलंय. एकेक जांभूळ तेच गिळतंय. ते उतरलं, की देईन."

ठमीने मान वर केली.

"माकडा, माकडा, खाली उतर. झाड जांभळं देईना, माझी पत्रिका जांभळी होईना!"

माकड म्हणालं, "कसं उतरू? खाली कुत्रा भुंकतोय. तो गप्प बसला, की उतरेन."

ठमी गेली कुत्र्याकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"कुत्र्या, कुत्र्या, गप्प बस. माकड उतरेना, झाड जांभळं देईना, माझी पत्रिका जांभळी होईना!"

कुत्रा म्हणाला, "भो! कसा बसू? भो! कानात गोचीड चावतेय. भो! ती निघाली, की बसेन. भो!"

ठमी गेली कावळ्याकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"कावळ्या, कावळ्या, गोचीड काढ. कुत्रा गप्प बसेना, माकड उतरेना, झाड जांभळं देईना, माझी पत्रिका जांभळी होईना!"

कावळा म्हणाला, "उपाशीपोटी? छे! आधी हौसाकाकूंचं गरम भजं. मग गोचीड."

ठमी गेली हौसाकाकूंकडे. तुरूतुरू, तुरूतुरू.

"काकू, काकू, भजं तळा. कावळा गोचीड काढीना, कुत्रा गप्प बसेना, माकड उतरेना, झाड जांभळं देईना, माझी पत्रिका जांभळी होईना!"

काकू म्हणाल्या, "कशी तळू बाई? दारात म्हैस बसलीय. चुलीला लाकडं कुठून आणू? ती उठली, की तळेन."

दारात म्हैस बसली होती. ही एवढी मोठ्ठी! रवंथ करत होती. कचर कचर.

"म्हशी, म्हशी, ऊठ गं. काकू भजं तळीना, कावळा गोचीड काढीना, कुत्रा गप्प बसेना, माकड उतरेना, झाड जांभळं देईना, माझी पत्रिका जांभळी होईना!"

म्हैस म्हणाली, "अंहं."

"ऊठ ना गं म्हशीबाई."

"अंहं."

"अगं, लग्न आहे माझं!"

"असेल. मी कुणाचंच ऐकत नाही." कचर कचर.

आता ठमीला आला राग. आणि चिचुंद्रीला राग आला, की काय होतं? वास सुटतो! असा वास, असा वास, की कांदासुद्धा नाक धरून पळेल!

ठमीने पाठ फिरवली. शेपटी वर केली.

फुस्सऽऽऽ!

"ईऽऽऽऽऽ!" म्हैस ओरडली. धडपड धडपड उठली. शेपूट वर करून पळाली.

म्हैस उठली. काकूंनी लाकडं आणली. एका हाताने नाक धरलं, एका हाताने भजं तळलं. चुर्रऽऽ!

कावळ्याने भजं गिळलं. "मीठ कमी पडलं," म्हणाला. आणि टुच! गोचीड काढली.

कुत्रा गप्प बसला. बसला कसला, घोरायलाच लागला.

माकड उतरलं. सर्रऽऽऽ!

झाडाने फांद्या हलवल्या. टपटप, टपटप! जांभळांचा नुसता सडा! एक पडलं थेट ठमीच्या डोक्यावर. पच्च! ठमीचं नाक जांभळं. कान जांभळे. पोट जांभळं. शेपटीसुद्धा जांभळी!

ठमी टुणकन उडाली. नवी पानं आणली. सर सर सर! पत्रिका झाल्या जांभळ्याजर्द!

पत्रिका झाडाला दिली, माकडाला दिली, कुत्र्याला दिली, कावळ्याला दिली, काकूंना दिली. म्हशीलासुद्धा दिली. जरा लांबूनच दिली.

दुसऱ्या दिवशी सगळे लग्नाला हजर. पिपाणी वाजली. पीऽऽपीऽऽ! अंतरपाट धरला. "नवरी कुठाय? नवरी कुठाय?"

नवरी आली तुरूतुरू, तुरूतुरू.

अंतरपाट दूर झाला. ठोंब्याने ठमीला पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्याचे डोळे झाले मोठे मोठे.

"अरेच्चा!" ठोंब्या म्हणाला. "पत्रिकाच चालत आली की लग्नाला!"

ठमी खुदकन हसली. त्याच्या गळ्यात हार घातला. आणि त्याच्या नाकाला लावलं एक जांभळं बोट!

पिपाणी थांबली, पंगत उठली, पाहुणे गेले घरोघरी. आता आपणही मिटूया डोळे!