न्यायाधीशांचा जावई

ऐका बायांनो. एका नगरात गोदूबाई नावाची व्रतस्थ बाई होती. तिचा नवरा केरबा न्यायाधीशांच्या डोक्यावर छत्री धरायचा. तो त्यांच्याच लेकीच्या, मंजुळेच्या नादी लागला आणि तिथेच राहू लागला. गोदूबाईनं मंजुळेवर दावा लावला.

न्यायाधीश मिशीला पीळ देत म्हणाले, "अगं, नवरा म्हणजे काय म्हैस आहे, दावणीची सोडून नेली म्हणायला? माझ्या लेकीला कुठलाच कायदा लागत नाही. जा घरी!"

गोदूबाईनं पदर सावरून नमस्कार केला. "बरं, रावसाहेब. म्हणजे हे आता तुमचे जावई झाले. अन् सध्या अधिक महिना चाललाय. सासऱ्यानं जावयाचे पाय धुवावेत, धोंडे जेवू घालावेत, चांदीचं वाण द्यावं. मी तांब्या भरून आणलाय. उठा!"

भरल्या कचेरीत, न्यायाधीशांमागे छत्री धरून उभ्या असलेल्या केरबानं खरोखरच उजवा पाय पुढे केला.

न्यायाधीश ओरडले, "थांबा! सापडला कायदा! मंजुळेला आजच मावशीकडे धाडा, आणि ह्याला ह्याच्या घरी!"

घरी आल्यावर गोदूबाईनं तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं. केरबाचे पाय केरबानंच धुतले. तिला जसा अधिक महिना पावला, तसा तुम्हांआम्हांला पावो.