केरबाची पुढची तारीख

बोरगव्हाण गावात केरबा नावाचा एक भोळा राहायचा. गाव त्याला भोळाच म्हणायचं, कारण त्याची आई पारूबाई जवळच उभी असायची.

पारूबाईचा जीव बांधावरच्या आंब्यात अडकला होता. नवऱ्यानं हातानं लावलेलं झाड, पण आंबे उतरवायचा शेजारचा भुजंगराव. म्हणायचा, झाड माझं. केरबाला मिसरूड फुटायच्या आधीपासून कोर्टात खटला चालू होता. तिच्या वकिलाला तर झाड आंब्याचं की चिंचेचं हेही आठवत नव्हतं.

"केरबा, आता तूच वकील हो," पारूबाई म्हणाली.

बोलायला काय जातंय! वकिलीच्या कॉलेजात शिरणं काय सोपं आहे? तुरुंगात शिरायला निदान प्रवेश परीक्षा तरी लागत नाही.

गावात नरहरीमामा होते, तालुक्याच्या वकिलाकडे कारकून. केरबा त्यांच्याकडे गेला. मामा सुपारी कातरत म्हणाले, "पहिला धडा. पुराव्याशिवाय काही कबूल करायचं नाही."

केरबा परीक्षेला गेला. दारावरच्या साहेबानं हॉलतिकीट बघितलं.

"केरबा शेवाळे तूच ना?"

"पुरावा दाखवा."

"अरे, हा फोटो तुझाच ना?"

"मी कबूल करत नाही."

साहेबानं त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. तो मात्र त्यानं पुरावा न मागता धरला.

मामांनी कपाळावर हात मारला. "अरे येड्या, तिथं साहेब विचारील त्याला हो म्हणायचं!"

"असं होय? आधी नाही का सांगायचं!"

पुढच्या वर्षी केरबा दारातून हो-हो करत थेट बाकावर जाऊन बसला. पारूबाईचे देव पाण्यातच होते. तेवढ्यात पर्यवेक्षक आले.

"चिठ्ठ्याबिठ्ठ्या आणल्यात का रे?"

"हो साहेब."

झडती झाली. खिशात आईनं दिलेला अंगारा निघाला, बाकी काही नाही.

"गिळल्यास की काय?"

"हो साहेब."

केरबा पुन्हा गावात. आता मामाही वैतागले. "बाबा रे, अडचणीचं काही विचारलं की हो म्हणायचं नाही, नाहीही म्हणायचं नाही. सरळ म्हणायचं, पुढची तारीख मिळावी. आमचे साहेब एवढ्या एका वाक्यावर बंगल्यात राहतात."

तिसऱ्या वर्षी केरबानं संगणकावर प्रत्येक प्रश्नाला तिसराच पर्याय दाबला. का, तर हे तिसरं वर्ष. आणि पास झाला! हसू नका, पास होणाऱ्यांचं असंच असतं. मग वकिलीच्या कॉलेजानं मुलाखतीला बोलावलं. समोर तीन प्राध्यापक, तिघांनाही डुलकी येत होती.

"तुला वकील का व्हायचंय?"

"साहेब, पुढची तारीख मिळावी."

तिघं खडबडून जागे झाले.

"बरं, कायदा म्हणजे काय?"

"पुढची तारीख मिळावी."

मधले प्राध्यापक गहिवरले. "आमची पोरं पाच वर्षं शिकून एवढंच शिकतात. हा घरूनच शिकून आलाय!"

प्रवेश पक्का! पारूबाईनं गावभर पेढे वाटले, भुजंगरावाच्या दारात जरा जास्तच. पोराची अलाबला घेत ती म्हणाली, "ज्या वाक्यानं तुझं भलं केलं ना, ते कोर्टात कधी विसरू नको हो बाळा."

"नाही विसरत, आई."

चैत्रात खटला निघाला. झाड मोहरून कैऱ्यांनी वाकलं होतं. पारूबाईचा वकील नेहमीसारखा आलाच नव्हता, म्हणून ती केरबाला घेऊन उभी राहिली. न्यायाधीश म्हणाले, "सगळे कागद पाहिले. झाड पारूबाईंचंच आहे. आजच निकाल देऊन टाकतो. कुणाला काही सांगायचंय?"

भुजंगरावाच्या वकिलानं मान खाली घातली. पारूबाईनं डोळ्याला पदर लावला. एवढ्या वर्षांनी तिच्या धन्याचं झाड घरी येत होतं.

केरबा उठला, सदरा नीट केला.

"साहेब, पुढची तारीख मिळावी."

कोर्टात मागितल्याबरोबर मिळते अशी तेवढी एकच गोष्ट आहे. साहेबांनी दिली. आंबे उतरून झाल्यावरची.

पारूबाई मटकन खाली बसली. भुजंगराव मात्र धावत आला आणि त्यानं केरबाला कडकडून मिठी मारली.

"शीक बाबा," तो म्हणाला, "खूप शीक!"