वस्ताद दुपटी धुतात

एका नदीकाठच्या गावी आकाराम नावाचे वृद्ध वस्ताद तालीम चालवीत असत. हिंदुराव हा त्यांचा लाडका शिष्य. त्याच तालमीतल्या शिवाप्पाला मुलगी झाली. त्याची बायको शेवंता बाळंतपणाने फार अशक्त झाली होती, म्हणून तो सकाळी बाळाची दुपटी घाटावर धुऊन आणी. हिंदुरावाने त्याला तसे पाहिले आणि भर तालमीत म्हणाला, "या, बायल्या पैलवान आले!" सारे खदखदून हसले. वस्ताद तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत.

शिवाप्पाने दुपट्यांना हात लावणे सोडले. शेवंता स्वतः घाटावर जाऊ लागली, आणि एका सकाळी भोवळ येऊन पायऱ्यांवरून पडली. तिचा हात मोडला.

दुसऱ्या दिवशी वस्ताद तालमीत आले नाहीत. शोधत निघालेल्या हिंदुरावाला ते घाटावर सापडले. डोक्याला फेटा, धोतर वर खोचलेले, आणि शिवाप्पाच्या मुलीची दुपटी ते दगडावर घाशीत होते. जाणारे-येणारे थांबून बघत होते.

"वस्ताद, हे काय? द्या इकडे. लोक हसतायत."

"हसू देत. त्या हसण्यालाच शिवाप्पा भ्याला ना?" वस्ताद मान वर न करता म्हणाले. "कुठल्याच मल्लाला न भ्यालेला गडी तुझ्या एका शब्दाला भ्याला. तो शब्द एवढा का झोंबतो, सांग. बाई असणं म्हणजे हलकं असणं, हे आपण मनात धरून बसलोय म्हणून. तुमच्या मनातून ते काढणं माझं काम होतं. त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं, तर शेवंताचा हात शाबूत असता. बळ कमवायला शिकवलं मी तुम्हाला. ते घरच्या माणसासाठी वापरताना लाजू नये, एवढं शिकवायचं राहिलं."

हिंदुराव खाली बसला आणि उरलेली दुपटी धुऊ लागला.

ओली दुपटी घेऊन तो शिवाप्पाच्या घरी गेला. आत शेवंता हात गळ्यात बांधून बसली होती. पाहुणा दिसताच ती भिंतीच्या आधाराने उठू लागली.

"बसा भावजी, पाणी आणते."

हिंदुरावाची मान खाली गेली. "वहिनी, उठू नका," तो कसाबसा म्हणाला. "मी घेतो."

तो स्वयंपाकघरात शिरला आणि तिथेच उभा राहिला. तांब्या कुठे असतो ते त्याला दिसेना. स्वतःच्या घरीही त्याने तो कधी शोधला नव्हता. शिवाप्पा मागून आला. त्याने फळीवरचा तांब्या काढून हिंदुरावाच्या हातात दिला.