खारवलीच्या भुयारातली पावलं

हे लिहायची मला हौस नव्हती. रविवार उजाडला की टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या लटकावून शहर बघायला निघालेली माणसं आमच्या दारात येतात. "आजोबा, ते भुयाराचं सांगा ना," म्हणतात, नि मी घसा कोरडा करत बसतो. आता आमच्या मंडळवाल्यांनी डोकं लढवलंय, की एकदा कागदावर उतरवा म्हणजे तुमचा त्रास वाचेल. माझा कसला वाचतोय. शाळेत मी गेलो नि शाळेनंच मला परत पाठवलं. तेव्हा काना-मात्रा चुकली असेल तर ज्यांनी लिहायला बसवलं त्यांनी ती सुधारावी.

तर जागा अशी आहे. खारवलीच्या नाक्यावर हमरस्त्याच्या पोटातून एक भुयार गेलंय, पायी माणसाला रस्ता ओलांडता यावा म्हणून. दिवे आहेत, भिंतींना पांढऱ्या फरशा आहेत. पण भरदुपारी एकट्यानं त्यातून जावं, तर मागून कोणीतरी चालत येतंय असं वाटतं. आपण थांबलो की तेही थांबतं, पण लगेच नाही, अर्धं पाऊल उशिरा. वळून बघावं तर कोणी नाही. त्याच्या पुढं नव्या बाजारसंकुलाचं तळघर आहे, गाड्या लावायचं, तिथंही हेच. तिथला रखवालदार खुर्ची उचलून बाहेर उन्हात बसतो. आणि भुयाराच्या अलीकडं, बँकेच्या मागच्या बोळात, तिथंही तेच. लोक म्हणतात, इथं मसणवट होती, इथं कोणीतरी पुरलाय. कोणी पुरला नाही. ह्या तिन्ही जागा एका सरळ रेघेत आहेत, एवढं बघायला टोपी-बाटली लागत नाही. ती रेघ म्हणजे खारवलीचा जुना बांध. तिथं मेलं कोणी नाही, तिथं लग्न लागलं होतं.

फार मागली गोष्ट सांगतात. तेव्हा ह्या मुंबईला मुंबईपण आलं नव्हतं. खारवली म्हणजे आगऱ्यांची पाचपन्नास घरं, पुढं भाताची खाचरं, नि खाचरांच्या पुढं खाडी. खाडी नि भात यांच्यामधे मातीचा एक बांध, बस्स. तो बांध होता म्हणून गाव जेवत होतं. खारं पाणी एकदा खाचरात शिरलं की वर्षानुवर्षं तिथं गवतसुद्धा धरत नाही.

त्या गावात आंबूबाय नावाची धवलारीण होती. आमच्यात लग्न लावायला पूर्वी भट नसे. धवलारीण येई, नि तिनं धवले गायले, म्हणजे लग्नाची गाणी गायली, की लग्न लागलं. आंबूबायचा आवाज असा, म्हणे, की ती गाऊ लागली की रडतं पोर गप्प बसे नि गप्प बसलेला सासरा रडू लागे. जीभ मात्र सुरीसारखी. नवऱ्यामुलाला ती मांडवातच सांगे, "नीट उभा ऱ्हा रं, लग्न तुजं हाय, म्हशीचं नाय."

लग्नातलं तिचं पहिलं काम आमंत्रणाचं. गाण्यातून एकेकाला नाव घेऊन बोलवायचं: गावदेवीला, वेताळाला, चिंचेला, विहिरीला, मिठागराला, आणि सगळ्यांत शेवटी खाडीला. शेवटी का, तर गाव तिथं संपतं म्हणून. ज्याचं नाव घेतलं तो पाहुणा. ज्याचं राहिलं त्याचा रुसवा.

झालं काय, की आंबूबायच्या बहिणीचा मुलगा जोमा, त्याचं लग्न निघालं. आईबाप नसलेल्या ह्या जोमाला आंबूबायनंच वाढवलेलं. मुलगी सोनकी, पलीकडच्या पाड्यावरची, गोड नि तिखट. मांडव भरला, आंबूबायनं आमंत्रण धरलं. गावदेवी झाली, वेताळ झाला, चिंच झाली, विहीर झाली. मिठागराशी येऊन गाणं पोचलं नि जोमाच्या नात्यातला गोमामामा, ज्याचं पोट त्याच्या आधी मांडवात शिरत असे, तो मधेच बोलला, "आटप गो बाय, भात निवतोय."

लोक हसले. आंबूबायही हसली. आणि हसण्याच्या नादात तिनं मिठागरावरच गाणं सोडलं नि हळद पुढं ओढली. लग्न लागलं. भात गरमच होता, असं सांगतात.

पुढच्या उधाणाला बांध फुटला. गावानं रात्रीचा दिवस करून चिखल टाकला, भगदाड बुजवलं. त्याच्या पुढच्या उधाणाला तो त्याच जागी फुटला. भात पोटरीत, म्हणजे कणसं धरायच्या बेतात आलेलं, नि कडेची दोन खाचरं मिठानं पांढरी पडली. तिसऱ्यांदा बुजवला, तिसऱ्यांदा फुटला. आता मोठं उधाण यायचं होतं, पुनवेचं. ते आत शिरलं असतं तर खारवलीनं घरं पाठीवर घेऊन निघायचं, एवढंच उरलं होतं.

गावच्या भगतानं तांदूळ टाकले, मान हलवली नि म्हणाला, "खाडीला माणूस पायजे. ज्याच्या लग्नापासून हे लागलं, तोच पायजे."

मग जोमाच उठला. म्हणाला, "मी भगदाडात उभा ऱ्हातो. तुम्ही माती लोटा." सोनकीच्या हातातला चुडा अजून नवा होता. तिनं त्याचं धोतर धरलं नि म्हणाली, "मग माती माज्यावर पण लोटा. एका माणसात काम भागंल न भागंल."

आंबूबाय तिथून निघाली ती थेट बांधावर. दुपारची वेळ, ओहोटी लागलेली. भगदाडाच्या तोंडाशी बसून तिनं पान लावलं, पण तोंडात घालवेना. पोटचा नसला तरी जोमा तिचाच होता. बसल्या बसल्या ती गुणगुणायला लागली, तोंडाला सवय तीच म्हणून, आमंत्रणाचं गाणं.

आणि पाणी थांबलं.

लपलप करणारी खाडी मुकाट झाली, म्हणे, कान देऊन बसल्यासारखी. गावदेवीचं नाव झालं, पाणी गप्प. चिंच झाली, विहीर झाली, पाणी गप्प. मिठागराशी येऊन आंबूबायचं गाणं लग्नात थांबलं होतं तिथंच थांबलं. त्याबरोबर एक लाट फाडकन भगदाडावर आदळली नि आंबूबायचं लुगडं कमरेपर्यंत भिजवून गेली.

तिनं पुन्हा गाऊन बघितलं. पुन्हा तेच. मिठागराशी थांबली की लाट.

"मेल्या गोमा," आंबूबाय म्हणाली, नि ओल्या लुगड्यानं तशीच गावात आली. लोक जमलेले होतेच. ती म्हणाली, "खाडीला जीव नको. तिला बोलावनं पायजे. सगल्यांना बोलावलं नि दारातल्या बायला इसरलो."

भगत म्हणाला, "एवढ्यासाठी कोण बांध फोडतं?"

"तुज्या बायकोला तुज्या बहिणीनं हळदीला बोलावलं नव्हतं," आंबूबाय म्हणाली, "तवा तुज्या घरात काय काय फुटलं ते सांगू काय?"

भगत खाली बसला.

गोमामामा म्हणाला, "माजा काय संबंध? मी कवा घाई केली?" सगळ्या गावानं त्याच्याकडं बघितलं. "भात निवत होता," तो म्हणाला.

मग आंबूबायनं सांगितलं, लग्न परत लावायचं. मांडवात नाही, बांधावर, फुटल्या जागी, पुनवेच्या उधाणाच्या तोंडाशी. खाडी आली तर पाहुणी म्हणून येईल. नाही ऐकलं तिनं, तर माती लोटायला जोमा तिथं उभाच आहे, आणि त्याच्या शेजारी आंबूबाय.

पुनवेच्या सकाळी गावानं भगदाडात ताजा चिखल भरला नि त्यावर आंब्याचे डहाळे लावून मांडव घातला. सनई आली, ढोल आला. नवरा-नवरीला पुन्हा हळद लागली. सोनकी म्हणाली, एका नवऱ्याशी दोनदा लग्न करायची पाळी माझ्याच नशिबी. म्हातारीकोतारी, लेकुरवाळ्या, सगळी त्या ओल्या बांधावर चढली नि नाचायला लागली. चिखल पायाखाली दबत होता, घट्ट होत होता. समोरून भरती चढत होती. आंबूबायनं आमंत्रण धरलं. या वेळी तिनं एकही नाव गिळलं नाही, उलट आठवतील ती चार जास्त घेतली. पाणी बांधाच्या कमरेला आलं, छातीला आलं, काठाशी आलं. मिठागराचं नाव संपलं नि ती बांधाच्या टोकाला जाऊन खाडीकडं तोंड करून गायली:

शेवटलं आवतन खाडीबायला गो,
उधाणाचं लुगडं नेसून ये गो,
चुकली मी बाय, मांडवाला ये गो.

पाणी काठाशी आलं नि तिथंच उभं राहिलं. एक बोट वर नाही. मग एक बारकीशी लाट वर आली, सोनकीचा पाय धुऊन गेली, नि तिच्या पदरात एक जिताडा मासा टाकून गेली, हातभर लांबीचा, चांदीसारखा. आमच्यात जिताड्यासारखा आहेर नाही. गाव असं ओरडलं, म्हणे, की पलीकडच्या पाड्यावरच्या लोकांना वाटलं, खारवली बुडाली.

फक्त गोमामामा नाचत नव्हता. त्याचे दोन्ही पाय चिखलात गुडघ्यापर्यंत रुतले होते. चौघांनी ओढला, निघेना. आंबूबाय म्हणाली, "बोल काय ते." तो इकडं तिकडं बघू लागला. पाणी त्याच्या पुढ्यात येऊन उभं. शेवटी त्यानं दोन्ही कान धरले नि म्हणाला, "चुकलं बाय. भात निवला तरी चाललं असतं." पोत्यातून मांजर सुटावं तसे त्याचे पाय सुटले, नि त्या दिवशी त्याच्याइतकं कोणी नाचलं नाही.

पण पुढं वेगळीच पंचाईत झाली. ओहोटीची वेळ झाली तरी खाडी हलेना. पाहुणीला नाच आवडला होता. ढोल जरा थांबला की पाणी बोटभर चढे. ढोल वाजला, पाय पडले की खाली बसे. माणसं ती माणसं, किती नाचणार? पोरं पेंगली, म्हाताऱ्यांचे गुडघे बोलायला लागले. थांबलं तर बांध जातो, न थांबलं तर माणसं जातात.

तेव्हा आंबूबाय पाण्याच्या काठाला बसली नि शेजारणीशी बोलावं तशी बोलली. "बाय, तुला झोप नाय, आमाला हाय. सकाळी उठून चूल पेटवायची असते, भात लावायचा असतो. असं कर. माणसं सोड, त्यांचा नाच ठेव. जो तो आपलं एकेक पाऊल तुज्याकडं ठेवून जाईल. आमी ऱ्हाऊ न ऱ्हाऊ, ती तुला सोबत करतील. आणि ह्या गावात लग्न निघालं की पहिलं आवतन तुला. शेवटलं नाय, पहिलं."

पाणी हललं नाही. मग हळूच मागं सरकलं, बोटभर.

सगळ्या गावानं एकेक करून ओल्या बांधावर एक पाऊल दाबून ठेवलं नि खाली उतरलं. जोमानं ठेवलं, सोनकीनं त्याच्या शेजारी ठेवलं, भगतानं ठेवलं. गोमामामानं दोन ठेवली, एक मुद्दलाचं नि एक चुकीच्या व्याजाचं. शेवटी आंबूबाय उतरली. तिनं मागं वळून बघितलं तर बांधावर कोणी नव्हतं, पण ढोलाच्या ठेक्यावर पाय पडल्याचा आवाज चालूच होता. खाडी त्या नादात डोलत डोलत परत गेली. बांध पुन्हा फुटला नाही. त्या साली भात इतकं आलं, असं सांगतात, की गोमामामासुद्धा ताटावरून "पुरे" म्हणून उठला.

पुढं काळ फिरला. मिठागरं गेली, खाचरं गेली. भराव टाकून टाकून शहरानं खाडीलाच लांब ढकललं, नि बांधावरून रस्ता नेला. रस्त्याखालून भुयार काढलं, तळघर काढलं, तेव्हा त्यांनी नेमकी बांधाची माती उघडी केली. पावलं तिथंच होती. त्यांना कोणी थांबायला सांगितलेलं नाही.

म्हणून सांगतो, भुयारात मागून येतं ते भूत नाही, वऱ्हाड आहे. तुम्ही चालता नि ती नाचतात, म्हणून ठेका जुळत नाही, आणि ठेका चुकला की माणसाला कापरं भरतं. एवढीच ती भीती. शहरात कुठं अशी जागा लागली तर पळू नये. तिथं आपल्या आधी कोणीतरी हसून खेळून गेलेलं असतं, नि आपण त्याच्या मधून घाईनं निघालेलो असतो. उभं राहावं, पाय दोनदा आपटावा, "येता का लग्नाला?" म्हणावं. पुढची वाट हलकी जाते. करून बघा. पैसे पडत नाहीत.

आजही खारवलीत लग्न निघालं की पहिला विडा नि पहिली अक्षत भुयाराच्या तोंडाशी ठेवतात. धवलारीण गाते, नवरा-नवरी पायऱ्यांवर नाचतात, ऑफिसला निघालेली माणसंसुद्धा पिशव्या सांभाळत चार पावलं टाकून जातात, नि वरचा वाहतूक पोलीस तेवढा वेळ शिट्टी खिशात ठेवतो. आजही पुनवेला भुयाराच्या भिंतीतून खारं पाणी झिरपतं. इंजिनेर येऊन बघतात, सिमेंट लावून जातात. पाहुणी आवतनाची वाट बघते, तिला सिमेंट काय करणार.

आणि आजही आवतन मधे तोडायचं नसतं, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तरी गेल्या माघात, भुयाराच्या तोंडाशी, बाहेरच्या माणसांच्या घोळक्यासमोर, हीच गोष्ट सांगत मी नेमका आंबूबायच्या गाण्यातल्या खाडीच्या नावाशी आलो असताना आमच्या मंडळाच्या अध्यक्षानं टाळी वाजवली नि मला म्हणाला, "आप्पा, आटपा आता, उपमा निवतोय." तेव्हापासून तो भुयारातून जात नाही. सिग्नलला लांबचा वळसा घालून भर उन्हात रस्ता ओलांडतो, हे मी माझ्या ओट्यावरून रोज बघतो. गोमामामानं निदान गुडघाभर चिखलात उभं राहून कान धरले होते. अध्यक्षांना चिखलाचीही गरज नाही, माझा ओटा कोरडा आहे, येऊन दोन शब्द बोलले तर पुरे. ते अजून आलेले नाहीत. त्यांचं नाव हरेश्वर कमळाकर भोईर.